तीन उत्तरं, एक राशी

चाचणीत तो प्रश्न दोन गुणांचा होता. ‘सरळ रूप द्या’ एवढीच सूचना, आणि पुढे ही राशी:

५(२क्ष − ३) − २(४क्ष − ७) + क्ष

आठवीतल्या एका विद्यार्थिनीनं तो असा सोडवला होता:

= १०क्ष − १५ − ८क्ष − १४ + क्ष
= ३क्ष − २९
= −२६क्ष

तपासणाऱ्यानं −१४ भोवती लाल गोल काढला, शेजारी ‘चिन्ह!’ असं लिहिलं आणि शून्य गुण दिले. तपासणारा मीच होतो. गोल काही चुकीच्या जागी नव्हता. −२ नं −७ ला गुणलं की +१४ येतात, −१४ नाही. पण त्या गोलानं पुढचे कितीतरी दिवस मला भलतीकडेच बघायला लावलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

बरोबर उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना अडखळायला नको:

= १०क्ष − १५ − ८क्ष + १४ + क्ष
= ३क्ष − १

मुलगी गणितात कच्ची नव्हती. पाढे पाठ, अपूर्णांक व्यवस्थित, ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी तोंडी. वरच्या उत्तरातच पाहा ना, −१५ आणि −१४ मिळून −२९ तिनं बिनचूक केलेत. १०, −८ आणि शेवटच्या क्षचा न लिहिलेला १ हे तिघे एकत्र करून ३ सुद्धा बरोबर आणलेत. तो न लिहिलेला १ विसरणारी मुलं वर्गात अर्धी तरी असतात. संख्यांमध्ये ती चुकत नव्हती. अक्षर आलं की चुकत होती, आणि दर वेळी वेगळं उत्तर आणत होती.

पहिला उपाय आणि त्यानं वाढवलेला घोळ

मी जे करायचं तेच केलं. तिला बाजूला बसवून नियम सांगितला: कंसाबाहेर उणे असेल तर चिन्हं बदलायची. तिनं मान डोलावली. तीच राशी पुन्हा सोडवायला दिली. दोन मिनिटांत वही पुढे आली:

= १०क्ष − १५ − ८क्ष + १४ − क्ष
= क्ष − १
= ०

१४ चं चिन्ह सुधारलं होतं. पण कंसाबाहेर असलेल्या शेवटच्या क्षचंही चिन्ह उलटलं होतं. मी ‘आतली’ हा शब्द गाळला होता. तिनं ऐकलं ते असं, की उणे आलं की त्यापुढचं सगळं बदलायचं. दोष तिच्या ऐकण्यात नव्हता. नियम अर्धा सांगितला तर तो अर्धाच पोचणार.

शेवटी आलेल्या शून्यावर ती खूश होती. एवढी लांबलचक राशी आणि सगळं कापलं जाऊन शून्य, म्हणजे उत्तर बरोबरच असणार असं तिला वाटलं. सुबक उत्तराचा हा मोह मोठ्या माणसांनाही सुटत नाही.

मग मी दुसरी चूक केली. चिन्हांचा सराव म्हणून ‘उणे उणे अधिक’ हे घोकवलं. परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. −६क्ष − ४क्ष या सरावाच्या उदाहरणाचं उत्तर तिनं १०क्ष लिहिलं. आठवड्यापूर्वी जी −१५ − १४ चे −२९ बिनचूक करत होती, तिचं ते जमणंही मी बिघडवून ठेवलं. ‘उणे उणे अधिक’ हा गुणाकाराचा नियम आहे, बेरजेचा नाही. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम दिले, तेव्हा बेरजेचे आणि गुणाकाराचे नियम वेगवेगळे सांगितले होते: दोन ऋणांची बेरीज ऋण, दोन ऋणांचा गुणाकार धन. चौदाशे वर्षं झाली, आणि आम्ही घाईच्या तासाला दोन्हींचं मिळून तीन शब्दांचं एक सूत्र करतो आणि ते मुलांच्या हाती देऊन मोकळे होतो.

ते घोकणं बंद केलं. कंस नुसत्या संख्यांवर घेतला. १०० − (३० − ५) किती? तिनं आधी ६५ सांगितलं. मी म्हटलं, कंस आधी सोडव. १०० वजा २५, म्हणजे ७५. मग दोन्ही उत्तरांकडे बघत बसली. ‘तीस काढले तर पाच जास्त गेले,’ ती म्हणाली, ‘ते परत द्यायला लागतील.’ चिन्ह का बदलतं हे तिला स्वतःच्या शब्दांत कळलं, आणि ‘परत द्यायचे’ हा शब्दप्रयोग तिनं पुढे कायम वापरला. −२(४क्ष − ७) मध्ये ४क्ष दोनदा काढताना प्रत्येक वेळी ७ जास्त जातात, म्हणून १४ परत. शेवटच्या क्षशी या कंसाचा काही संबंध नाही, त्याच्यातून काही जास्त गेलेलंच नाही. म्हणून तो आहे तसाच.

तिसऱ्यांदा तीच राशी दिली:

= १०क्ष − १५ − ८क्ष + १४ + क्ष
= ३क्ष − १
= २क्ष

सगळ्यांत समान काय होतं

आता तीन कागद माझ्यासमोर होते. उत्तरं −२६क्ष, ० आणि २क्ष. तिन्ही कागदांवरच्या चिन्हांच्या चुका वेगळ्या होत्या, तिसऱ्यात तर एकही नव्हती. तिन्हींत समान होती ती शेवटची ओळ. ३क्ष − २९ चे −२६क्ष, क्ष − १ चा ०, ३क्ष − १ चे २क्ष. दर वेळी शेवटी एकच पद उरेपर्यंत ती थांबली नव्हती.

पहिल्या कागदावर हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण मी वरचा लाल गोल काढला आणि तिथेच वाचायचं थांबवलं. तपासणीची ही खोड जुनी आहे: पहिली चूक सापडली की पुढचं वाचायचं नाही, कारण पुढचं चुकणारच. वास्तविक ३क्ष − २९ पर्यंत एक चिन्ह सोडलं तर काम नीट होतं, तिथवर एक गुण देता आला असता. त्याखालची ओळ मात्र घसरलेल्या चिन्हाच्या जातीची नव्हती. तिथे गैरसमज होता, आणि त्याला गोल नव्हता.

तिला विचारलं, ‘३क्ष − १ वर का थांबली नाहीस?’

‘वजाबाकी राहिली होती ना, सर.’

या उत्तरानंतर मला फारसं विचारायला उरलं नाही. तिच्या दृष्टीनं ३क्ष − १ हे उत्तर नव्हतंच, तो एक अर्धवट सोडलेला हिशेब होता. पहिलीपासून सात वर्षं तिनं असंच पाहिलं होतं: ८ − १ लिहिलं की पुढे ७ यायचे. मधलं चिन्ह म्हणजे हुकूम, आणि हुकूम बजावल्याशिवाय गणित संपत नाही. ‘सरळ रूप द्या’ या सूचनेचा अर्थही तिनं ‘उत्तर काढा’ असाच घेतला होता.

तिच्या कच्च्या कामात याचा आणखी एक पुरावा मिळाला. सहगुणकांची, म्हणजे क्षला गुणणाऱ्या आकड्यांची, बेरीज तिनं कोपऱ्यात अशी लिहिली होती:

१० − ८ = २ + १ = ३

ही ओळ वाचा. १० − ८ म्हणजे ३ नाही. तिच्यासाठी = या चिन्हाचा अर्थ ‘आता येतं ते’ असा होता. दोन्ही बाजू सारख्या आहेत हा अर्थ तिथे नव्हताच. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानं १५५७ साली हे चिन्ह छापलं तेव्हा दोन समांतर सारख्या रेषा निवडल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी असू शकत नाहीत असं त्यानं लिहिलं आहे. आमच्या वर्गात मात्र या चिन्हाचं काम कॅल्क्युलेटरच्या बटणाचं होतं: दाबलं की उत्तर.

जुळलेलं चुकीचं उत्तर

मी तिला म्हटलं, ‘सरळ रूप देताना राशीची किंमत बदलत नाही. फक्त लिहिण्याची तऱ्हा बदलते. क्षच्या जागी कुठलीही संख्या ठेव, पहिल्या ओळीची आणि शेवटच्या ओळीची किंमत सारखी यायला हवी. नाही आली तर मधे कुठेतरी चुकलं.’

मला वाटलं, आता २क्ष आपोआप पडेल. तिनं सर्वांत सोपी संख्या निवडली: १.

५(२ − ३) − २(४ − ७) + १ = −५ + ६ + १ = २

आणि २क्ष मध्ये १ ठेवला तर २.

‘सर, जुळलं.’

मी दोनदा पडताळून पाहिलं. खरंच जुळत होतं. क्षणभर मला काही सुचेना. जी कसोटी चूक पकडायला दिली तिनंच चुकीवर शिक्का मारला होता.

नंतर विचार केल्यावर लक्षात आलं की हा योगायोग नव्हताच. ३क्ष − १ मध्ये क्षला १ मानलं की ३ − १ उरतात, आणि २क्ष मध्ये (३ − १) गुणिले १. सहगुणक आणि स्थिर पद (क्ष नसलेला सुटा आकडा) एकत्र करून टाकण्याची चूक क्ष = १ ला कधीच सापडणार नाही, आकडे काहीही असोत. ३क्ष + ५ चे ८क्ष करा, १ ठेवल्यावर दोन्हीकडे ८. नेमकी ही चूक करणारं मूल नेमकी हीच सोपी संख्या निवडतं.

० चंही तसंच, दुसऱ्या बाजूनं. ० ठेवला की क्षची सगळी पदं नाहीशी होतात आणि फक्त स्थिर पदांची तपासणी होते. तिच्या दुसऱ्या प्रयत्नातली क्ष − १ ही ओळ ० च्या कसोटीवर उत्तीर्ण झाली असती: मूळ राशी −१, तिची ओळ −१. शेवटच्या क्षचं उलटलेलं चिन्ह ० ला दिसलंच नसतं.

त्या वेळी मी एवढं काही बोललो नाही. फक्त म्हटलं, ‘अजून काही संख्या ठेवून बघू.’ दोघांनी मिळून मूळ राशीच्या किमती काढल्या, कंस न सोडता, सरळ संख्या भरून:

क्ष = ० तर −१
क्ष = १ तर २
क्ष = २ तर ५
क्ष = ३ तर ८
क्ष = १० तर २९

२क्षच्या किमती शेजारी लिहिल्या: ०, २, ४, ६, २०. फक्त एका ठिकाणी जुळणी, बाकी सगळीकडे फारकत. पण ती तिकडे बघत नव्हती. पहिल्या स्तंभावर बोट ठेवून म्हणाली, ‘हे तीन-तीननं वाढतंय.’

‘आणि सुरुवात कुठून?’

‘शून्याला उणे एक.’ मग बराच वेळ गप्प. ‘म्हणजे हे आधीपासून ३क्ष − १च होतं?’

होय, आधीपासून. पाचात गुणलेला कंस, दोनात गुणलेला कंस, मागे जोडलेला क्ष, हा सगळा पोशाख. आत दर पावलाला ३ नं वाढणारी आणि शून्याला −१ वर असणारी एकच गोष्ट. सरळ रूप म्हणजे तीच गोष्ट कमीत कमी कष्टांत लिहिणं. मूळ राशीत क्षची किंमत घालायची तर आठ क्रिया कराव्या लागतात, ३क्ष − १ मध्ये दोन. तिनं त्या मोजून पाहिल्या.

आणि इथे त्या उणे चिन्हाचा हुकूम गळून पडला. ३क्ष − १ मधली वजाबाकी राहिलेली नाही, ती करताच येत नाही. क्ष किती हे कळेपर्यंत तीन पावलं कुठल्या लांबीची ते माहीत नाही, मग त्यातून एक कसा काढणार? ती वजाबाकी त्या वस्तूच्या नावाचा भाग आहे.

‘पण सर, १ ला तर जुळलं होतं.’ तिनं मुद्दा सोडला नव्हता, आणि सोडू नये असाच तो होता. ३क्ष − १ = २क्ष हे विधान खोटं आहे असं सरसकट म्हणता येत नाही. ते क्ष = १ असताना खरं आहे आणि इतर कुठेही नाही. अशा विधानाला आपण समीकरण म्हणतो, आणि ते सोडवलं तर उत्तर १ येतं. सरळ रूप देताना आपण लिहितो ती प्रत्येक = ची ओळ मात्र क्षच्या प्रत्येक किमतीला खरी असावी लागते. तिला नित्यसमानता म्हणतात. चिन्ह तेच, वचन दोन प्रकारचं. हा फरक नावानिशी सांगितला जातो तो बहुधा उशिरा. गरज मात्र पहिल्या कंसापासून असते.

सजातीय म्हणजे काय

हिच्या मनात अक्षर म्हणजे वस्तू असं बसलं होतं का, हेही मी तपासलं, कारण तसं बसवणारा मीच असण्याची शक्यता होती. सहावी-सातवीला आपण सर्रास सांगतो: प म्हणजे पेन, व म्हणजे वही, ३ पेन आणि २ वह्या मिळून ५ काही होत नाहीत. एक तास निभावून जातो. पण मग प गुणिले व म्हणजे काय, पेन गुणिले वही? आणि −१ म्हणजे उणे एक काय? क्ष ही वस्तू नाही, संख्या आहे. माहीत नसलेली किंवा बदलणारी, पण संख्याच. पेन-वह्यांचा मार्ग मी त्यानंतर सोडून दिला.

त्याऐवजी जुनी एक मांडणी कामी आली. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (सुमारे ११५०) अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हणतात आणि थोडक्यात ‘या’ लिहितात. दुसरी अज्ञात संख्या आली तर कालक, म्हणजे ‘का’, तिसरी नीलक, म्हणजे ‘नी’. ज्ञात संख्येला रूप, म्हणजे ‘रू’. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. आपली ३क्ष − १ त्या पद्धतीत अशी दिसेल: ‘या ३ रू १’, आणि त्या १ च्या डोक्यावर टिंब. नियम असा, की बेरीज-वजाबाकी समान जातीच्या पदांची, भिन्न जातीची असतील त्यांची पृथक् स्थिती. वेगळी ठेवा, बस. आपला ‘सजातीय’ हा शब्द त्याच घराण्यातला.

मला त्या लिखाणात आवडतं ते हे, की दोन पदांच्या मधे काहीच चिन्ह नाही. अधिक नाही, उणे नाही. हुकूम देणारं कुणी नाहीच, म्हणून काही राहून गेल्याची टोचणीही नाही. ‘या’च्या नावे तीन, ‘रू’च्या नावे ऋण एक. जमा-खर्चाच्या वहीत दोन खाती शेजारी असावीत तसं.

तिनं वहीत दोन स्तंभ आखले. एकावर लिहिलं ‘क्षवाले’, दुसऱ्यावर ‘सुटे’. कंस सुटल्यावर प्रत्येक पद आपापल्या स्तंभात, चिन्हासकट:

क्षवाले: १०, −८, १. बेरीज ३.
सुटे: −१५, १४. बेरीज −१.

मग दोन्ही खाली एकत्र लिहायचे आणि हात वर करायचे. ही मांडणी थोडी हळू आहे, आणि परीक्षेत ती असं लिहीत बसणार नाही हे मला माहीत होतं. पण पदासोबत त्याचं चिन्ह उचलून न्यायचं, ही सवय स्तंभांमुळे लागते. क्रम बदलताना चिन्ह जागेवरच राहतं आणि पद एकटंच पुढे जातं, हा जो नेहमीचा अपघात, तो बंद झाला.

वर्गाची पदं आली तेव्हा तिसरा स्तंभ पडला. क्ष² आणि क्ष सजातीय नाहीत हे सांगायला मला वेगळा तास लागला नाही. तिनंच २ ठेवून पाहिलं, क्ष² चे ४ आणि २क्षचेही ४, जुळलं म्हणून थबकली, मग ३ ठेवला आणि ९ व ६ पाहून तिसरा स्तंभ आखला.

दोन संख्यांचा नियम

तोवर आमचा एक करार झाला होता. पडताळा एका संख्येनं घ्यायचा नाही, दोन घ्यायच्या, आणि त्यांत ० किंवा १ नको. हा आकडा हवेतून आला नव्हता. एका चलाच्या, पहिल्या घाताच्या दोन वेगळ्या राशी जास्तीत जास्त एका किमतीला जुळू शकतात. एक दर पावलाला २ नं चढते, दुसरी ३ नं. एकदा गाठ पडली की पुन्हा पडत नाही. चढण सारखीच असेल तर एकतर कधीच गाठ नाही, नाहीतर दोन्ही राशी मुळात एकच. त्यामुळे दोन किमतींना जुळलं तर ते कायमचं जुळलं. तिथे शंकेला जागा उरत नाही. ० आणि १ टाळायचे ते एवढ्याचसाठी की त्यांच्यावर चुका सहज लपतात आणि पहिल्या पडताळ्याची मेहनत वाया जाते.

मोठ्या संख्यांची भीती नसेल तर १०० ठेवून पाहण्यात एक गंमत आहे. आपल्या राशीत १०० घातले तर ९८५ − ७८६ + १०० = २९९, म्हणजे ३०० वजा १. उत्तर जवळजवळ वाचूनच दाखवतं.

दोन आठवड्यांनी नवी राशी दिली:

७ − ३(क्ष − २) + २(क्ष + ४)

मुद्दाम दिली. इथे ७ − ३ आधी करून टाकायचा मोह होतो, आणि तिला तो झाला:

= ४(क्ष − २) + २(क्ष + ४)
= ४क्ष − ८ + २क्ष + ८
= ६क्ष

पुन्हा तेच सुबक उत्तर. −८ आणि +८ कापले गेलेले, एकच पद उरलेलं. मी काही बोललो नाही. तिनं पडताळ्याला ३ घेतला. मूळ राशी: ७ − ३ + १४ = १८. तिची: १८. जुळलं. माझ्या पोटात गोळा आला, कारण ही गाठ नेमकी ३ लाच पडते हे मी राशी बनवताना पाहिलं नव्हतं.

तिनं पेन खाली ठेवलं नाही. ५ घेतला. मूळ राशी: ७ − ९ + १८ = १६. तिची: ३०. ‘ह्या,’ म्हणाली, आणि वर जाऊन ओळीओळीला ५ घालत उतरू लागली. दुसऱ्याच ओळीला ३० आले, म्हणजे चूक पहिल्या दोन ओळींच्या मधली. ७ − ३ वर बोट थांबलं. ‘हा तीन कंसाचा आहे,’ ती म्हणाली. ‘सातानं याला हात लावायचा नाही.’ मग:

= ७ − ३क्ष + ६ + २क्ष + ८
= २१ − क्ष

आणि थांबली. ५ ठेवून १६, २ ठेवून १९, दोन्ही मूळ राशीशी जुळले.

चूक कुठल्या ओळीत आहे हे तिला मी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या कागदावर मी काढलेला लाल गोल हेच काम करत होता, फक्त तो माझ्या हातात होता.

चुका थांबल्या असं मात्र नाही. −(क्ष − ४) असं नुसतं उणे कंसाबाहेर असलं, आकडा नसला, की ती अजूनही कधीकधी फक्त पहिल्या पदाचं चिन्ह बदलते. तिथे −१ लिहून घ्यायला लावतो. घाईत असली की पडताळा एकाच संख्येनं घेऊन मोकळी होते. ‘१० − ८ = २ + १ = ३’ ही ओळ मी अजून पूर्ण घालवू शकलेलो नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या चिठोऱ्यांवरही ती कधीकधी सापडते.

गेल्या खेपेला ती माझ्यासाठीच एक कागद घेऊन आली. त्यावर दोन राशी होत्या: क्ष² आणि ३क्ष − २. ‘सर, ही दोन एकच आहेत. एक आणि दोन ठेवून बघा.’

मी ठेवले. १ ला १ आणि १. २ ला ४ आणि ४.

कशी शोधलीस म्हणून विचारलं. वर्गसंख्या लिहिल्या, १ आणि ४, तिनं सांगितलं. मधे ३ चं अंतर, म्हणजे ३क्ष. तसंच मागे गेलं तर शून्याला उणे दोन. ‘आपला दोन संख्यांचा नियम इथे चालत नाही,’ ती म्हणाली. ‘किती संख्या लागतील?’

मी तिला ३ ठेवायला सांगितलं. ९ आणि ७. मग तिनं चौथा कागद मागितला: तीन किमतींना जुळणाऱ्या दोन राशी तिला स्वतःच बनवायच्या होत्या, आणि त्यासाठी स्तंभ किती आखावे लागतील ते ती आधी बघणार होती.